हमदीच्या वाटचं पाणी

ती बाई चष्मा हातात घेऊन काउंटरपाशी उभी राहिली तेव्हा मी चष्म्याआधी तिचे डोळे पाहिले. धंद्याची सवय. डोळे सुजलेले, लाल, पापण्यांच्या कडा सोलल्यासारख्या. मला वाटलं, डोळे आले असतील. "औषधाचे थेंब चालू आहेत का?" मी विचारलं. ती ओशाळून हसली. "छे हो. काल सिनेमाला गेले होते. रडताना चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि टाळ्या वाजवायला उठले तर खाली पडला. माझ्याच टाचेखाली गेला." एक काच तडकली होती, फ्रेम शाबूत होती. नंबर साधा, काच दुकानात होती. बसा, अर्ध्या तासात देतो, म्हटलं. यंत्र सुरू केलं, चाकावर पाण्याची बारीक धार सोडली आणि काचेची कड घासू लागलो. ती बसली नाही. रडून मोकळं झालेलं माणूस गप्प बसत नाही, हे मला गेल्या महिन्याभरात कळलं होतं. "तुम्ही पाहिला की नाही?" मी नाही म्हटलं. "पाहा, दादा. नका पाहू खरं तर. पण पाहाच. तो हमदी असतो ना, त्याच्या वाटचं झाकणभर पाणी असतं. एवढंसं, बाटलीचं झाकण. ते तो नावेतल्या, गाबेसहून आलेल्या बाईला देतो आणि म्हणतो, 'घे, मला आईने निघताना पोटभर पाजलंय.' एवढंच. आणि डोळे मिटतो. अख्खं थेटर हुंदके देत होतं. माझा नवरा स्वतःच्या बापाच्या मयतीत रडला नव्हता, तो मुलासारखा रडला. आणि हे रचलेलं नाही हां. नावेतून वाचलेल्या एकाने स्वतः सांगितलंय सगळं. इथलाच आहे म्हणे, आपल्या स्फाक्सचा." काच चाकावर टचकन वाजली आणि तिची कड उडाली. आतून दुकानाचे मालक तौफीककाका ओरडले, "काय रे वजदी, काय फोडलंस?" काही नाही, म्हटलं. तीन वर्षांत माझ्या हातून काच गेली नव्हती. दुसरी घेतली, हळूहळू घासून बसवली, बाईच्या नाकावर चष्मा ठेवून नीट बसतो का पाहिलं, तेव्हा ती काचांतून माझ्याकडे पाहत म्हणाली, "आता बरं दिसतंय." मग मी तौफीककाकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी दुकानाबाहेर पडलो.

'मला आईने निघताना पोटभर पाजलंय.' हे वाक्य माझं. हमदीने ते कधी उच्चारलं नाही. ते त्याच्या आईच्या, मन्नूबिया मावशींच्या स्वयंपाकघरात तयार झालं, चार वर्षांपूर्वी, मासेमारी बोटीने आम्हाला किनाऱ्यावर आणलं त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. तोवर इस्पितळात माझ्या हाताला सुई होती आणि मी कुणाशी बोलत नव्हतो. बरा होऊन घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "हमदीच्या आईकडे जाऊन ये. रोज विचारते." आमच्याच गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. हमदी आणि मी एका बाकावर शिकलो, एका गॅरेजात हात काळे केले, समुद्रापलीकडे कामाला जायला चोरून निघालेल्या एकाच नावेत बसलो. मावशींनी दार उघडलं, मला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या पुढ्यात सातूचं कढण ठेवलं, सुक्या ऑक्टोपसचे तुकडे घातलेलं. त्या काही विचारत नव्हत्या. माझ्या घशाखालून घास उतरताना पाहत होत्या. त्यांच्या हातात ओढणीचं टोक होतं, त्याला त्या गाठ मारत होत्या, सोडत होत्या. आणि मी तोंड उघडलं तर हे निघालं. पाणी संपत आलं होतं, प्रत्येकाला दिवसाला झाकणभर मिळायचं, हमदीने आपलं झाकण एका बाईला दिलं, आणि तो असं असं म्हणाला, आणि झोपला. झोपेतच गेला. सांगताना मला ते दिसूही लागलं. मावशी गाठ मारायच्या थांबल्या. "असं म्हणाला?" "असंच." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या हाताच्या वजनाखाली मला इतकी झोप आली की मी तिथेच खुर्चीत डोळे मिटले.

एक वाक्य होतं, एका बाईसाठी सांगितलेलं. ते त्या घरात राहिलं असतं. पण ते जिन्याने खाली उतरलं, गल्लीत फिरलं, वर्तमानपत्रात छापून आलं, आणि दोन वर्षांनी त्याचा माग काढत राजधानीतून इनास आली. तिचा हा पहिलाच मोठा चित्रपट. बारीक, केस कापलेली, सतत लिहिणारी. "मला रडवायचं नाही लोकांना," ती मला म्हणाली, "मला फक्त जसं घडलं तसं हवं आहे." आणि खरोखर ती तशीच होती. ती मला जे विचारायची ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. जीभ कितव्या दिवशी सुजली? ओठ फाटतात तेव्हा आधी मधून की कडेने? लघवीचा रंग कसा होता? मेलेल्या माणसाला पाण्यात सोडताना किती जण लागले, हात कुठे धरले? मी सगळं सांगितलं, आणि सांगितलेलं सगळं खरं होतं. रंगवणाऱ्या मुली माझ्यासमोर नटांचे ओठ फाडायच्या आणि मी सांगायचो, अजून, अजून सुके. नटांना सहा आठवडे उपाशी ठेवलं होतं. दिवसाला मोजून खजूर आणि वाटीभर कढण. ते चिडचिडे झाले, एकमेकांच्या वाट्याकडे पाहू लागले. एकदा एकाने दुसऱ्याचा खजूर उचलला म्हणून हातघाई झाली. इनास खूश झाली, मी उठून शेडच्या मागे निघून गेलो. चित्रीकरण केरकेन्ना बेटांपाशी होतं. तिथला समुद्र असा आहे की अर्धा कोस आत गेलं तरी पाणी कमरेला. भर समुद्रात, जिथे चहूकडे पाण्याशिवाय काही नाही असं पडद्यावर दिसतं, तिथे नावेभोवती वीस माणसं पाय टेकवून उभी असायची, कुणी दिवा धरून, कुणी छत्री, कुणी चहाचा थर्मास. हमदी मरण्याचा प्रसंग घेतला त्या दिवशी मी त्या कमरभर पाण्यात उभा होतो. शिहाब नावाचा मुलगा हमदी झाला होता. त्याने झाकण त्या नटीच्या ओठांना लावलं, माझं वाक्य म्हटलं, डोळे मिटले. इनासने थांबा म्हटलंच नाही. कॅमेरा धरलेल्या माणसाचे खांदे हलत होते. चहा देणारी बाई तोंडावर ओढणी दाबून पाठ फिरवून उभी राहिली. तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. एकदा ओरडलो होतो, ते पुरेसं होतं.

वाचलो आम्ही पाच, एकोणीस जणांतून. माझ्याखेरीज चौघेही पुन्हा गेले आणि या वेळी पोचले. त्यांच्यातला एकजण समुद्रापलीकडे टोमॅटोच्या शेतात काम करतो. चित्रपटाची बातमी वाचून त्याने मला एवढंच लिहिलं, 'बरं सांगितलंस. आमच्याकडूनही तेच समज.' म्हणजे हे खोटं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आणि चित्रपट लागला तसा तो आमच्या शहरात तापासारखा पसरला. लोक थेटरातून बाहेर पडून पायऱ्यांवरच बसून राहायचे. पुरुष आपल्या आयांना फोन लावायचे. बंदराच्या भिंतीवर कुणीतरी पाण्याची अर्धी प्यायलेली बाटली ठेवली, दुसऱ्या दिवशी दहा झाल्या, आठवड्यात भिंतभर, उन्हात चमकत. त्यांच्यावर हमदीचं नाव लिहिलेलं. एका टॅक्सीवाल्याने मला आरशातून सांगितलं, "भाऊ, सिनेमा पाहिला आणि रात्रभर विचार केला, आपणही दिलं असतं. आपणही तेच केलं असतं." मी म्हटलं, हो. पायऱ्यांवर रडत बसलेल्या त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मला तेच दिसायचं, दुःखाच्या खाली एक समाधान, आपणही दिलं असतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. ते अंधारात दोन तास तहानलेले राहून चांगले होऊन बाहेर येत होते.

पहिल्या खेळाला मन्नूबिया मावशींना मधल्या रांगेत बसवलं होतं, मला त्यांच्या शेजारी. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं पांढरं सफ्सारी अंगावर घेतलं होतं, जे हल्ली म्हाताऱ्याही घेत नाहीत. सुरुवातीलाच तो प्रसंग येतो जिथे आई हातातली सोन्याची पाटली काढून मुलाच्या मुठीत ठेवते, वाटेला लागेल म्हणून. तिथेच थेटर पहिल्यांदा विरघळलं. मावशी हलल्या नाहीत. झाकणाच्या प्रसंगाला मी डोळे मिटून घेतले आणि चारी बाजूंनी लोकांचं रडणं अंगावर घेतलं, कोमट, दमट. मध्येच डोळे उघडून पाहिलं तर मावशी मान थोडी पुढे काढून पडद्याकडे पाहत होत्या, जशी माणसं अनोळखी घराचा नंबर वाचतात. दिवे लागले तेव्हा बायका येऊन त्यांच्या डोक्याचं चुंबन घेऊ लागल्या, "धन्य तुमची कूस," म्हणू लागल्या. शिहाब खाली वाकून त्यांच्या हातावर कपाळ टेकून रडला. त्या सगळ्यांना "अल्ला तुमचं भलं करो" म्हणत होत्या. त्यांचे डोळे कोरडे होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या जिन्याची पायरी चढलो नव्हतो. गल्लीच्या टोकाकडून जायचं सोडून लांबच्या वाटेने घरी जात होतो. आज त्या चष्मेवाल्या बाईचे डोळे पाहिल्यावर पाय आपोआप तिकडे वळले. तेलाच्या घाण्यांचा मोसम होता, रस्ताभर जैतुनाच्या चोथ्याचा कडू वास. दार उघडंच होतं.

"आलास?" मावशी म्हणाल्या. त्या जमिनीवर चटई टाकून बदाम सोलत बसल्या होत्या. "मला वाटलं, तू यायच्या आत मी मरते." मी समोर बसलो. त्यांनी माझ्याकडे बदामांची परात अर्धी सरकवली, सोल, म्हणून. थोडा वेळ दोघं सोलत राहिलो. भिजवलेल्या बदामाची साल बोटांत सुळकन सुटत होती. मग त्या म्हणाल्या, "तो मुलगा, शिहाब. सिनेमाआधी आठ दिवस माझ्याकडे राहिला होता, माहीत आहे ना तुला? हमदी कसा चालायचा, कसा हसायचा, सगळं विचारलं. जेवल्यावर स्वतःचं ताट धुऊन ठेवायचा."

"हो. चांगला मुलगा आहे."

"चांगला आहे. हमदीने जन्मात ताट उचललं नाही. पडद्यावर तो मेला तेव्हा मला वाईट वाटलं रे. पण कुणा दुसऱ्या भल्या बाईचा मुलगा गेला असं वाटलं. माझा नाही. तो कोण होता? मी सारखी पाहत होते, आता येईल, आता येईल माझा हमदी. आलाच नाही." त्यांनी एक बदाम उजेडात धरून पाहिला आणि परातीत टाकला. "सगळं गाव माझ्या मुलासाठी रडून गेलं, वजदी. मलाच रडू येत नाही."

माझ्या बोटांत साल होती, ती कुठे टाकावी कळेना.

"ती पाटली," त्या म्हणाल्या, "मी दिली नव्हती. तो घेऊन गेला. उशीखालून. मी सकाळी उठले तर ना पाटली, ना तो. त्या पोरीने, इनासने, विचारलं, निघताना तुम्ही काय दिलंत? मी काय सांगणार तिला? चोर होता म्हणून सांगू? म्हटलं, पाटली दिली. तिने लिहून घेतलं. लोक त्यावर रडतात." त्या हसल्या, आणि ते हसणं फार वाईट होतं. "आणि मी त्या सकाळी काय म्हणाले ठाऊक आहे? खिडकीत उभी राहून म्हणाले, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, 'बुडून मर, मेल्या, वर येऊ नकोस.' आईचा शब्द लागतो. चार वर्षं मी हे पुन्हा कुणापाशी काढलं नाही. आता तू सांग."

"काय सांगू?"

"लहानपणी बहिणीला खोकल्याचा मध आणला तर हा रात्रीत चाटून संपवायचा. तुझा सदरा नेला तो कधी परत केला? असा माणूस तहानेने मरताना झाकणभर पाणी दुसऱ्याला देतो? मी आई आहे त्याची. मला सिनेमा नको दाखवू."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा. मी सांगायला लागलो. आवाज माझाच होता, पण तो लांबून येत होता. पाचव्या दिवसाची दुपार. ऊन असं की लाकूड हाताला चटकत होतं, सगळे एकमेकांच्या सावलीत डोकी घालून पडलेले. उरलेलं पाणी एका बाटलीत, ती नावेतल्या सर्वांत वयस्क माणसाच्या मांडीखाली. त्याला ग्लानी आली होती. मी डोळे किलकिले करून पाहत होतो. हमदी पोटावर सरकत गेला, त्याने बाटली काढली, आणि प्यायला लागला. त्याचा गळा वर-खाली होताना दिसत होता. मला पहिल्यांदा वाटलं ते हे की मीही सरकत त्याच्याकडे जावं. मग वाटलं, मी पोचेपर्यंत संपेल. आणि मी ओरडलो. "ती लाज नव्हती, मावशी, न्याय नव्हता. माझ्या वाटचं संपेल म्हणून ओरडलो." सगळे उठले. त्याला मारलं, पण कुणाच्या हातात जोर नव्हता. मी त्याचे पाय धरले होते. बाटलीत तळाला थोडं उरलं होतं. त्या म्हाताऱ्याने ठरवलं, याने याच्या वाटचं पिऊन टाकलं, याला आता नाही. कुणी नाही म्हटलं नाही. दोन दिवस सगळ्यांत मिळून एकच झाकण हातोहात फिरायचं आणि त्याच्यावरून पुढे जायचं. सातव्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे सरकला. म्हणाला, 'वजद्या, ओठ ओले कर नुसते.' माझ्या तोंडात त्या वेळी पाणी होतं. मी ते गिळलं आणि तोंड फिरवलं. दुपारी त्याला किनारा दिसायला लागला. आमची गल्ली दिसते म्हणाला, पाव घेऊन येतो म्हणाला, आणि नावेच्या काठावर चढला. "माझ्या हाताला त्याचा सदरा लागत होता. धरला असता. धरला नाही, आणि तो पाण्यात गेला. हातात बळ नव्हतं की धरायचंच नव्हतं, मला अजून कळलेलं नाही."

मावशींनी बदाम सोलणं थांबवलं नव्हतं. एकेक साल निघत होती. खालची गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

"माझं नाव घेतलं त्याने?"

"नाही. तहान लागलीय म्हणायचा फक्त."

"रडला?"

"हो. मारलं तेव्हा. शिव्या दिल्या सगळ्यांना."

"कुठल्या?"

मी सांगितल्या. त्यांनी मान हलवली, ओळखीची वस्तू दाखवल्यासारखी. मग त्यांचे हात परातीत तसेच राहिले. "बाटलीत किती होतं?" त्यांनी विचारलं. "तो प्यायला तेव्हा?"

"अर्ध्याहून जास्त."

"आणि ठेवलं किती?"

"तळाला. चार-पाच झाकणं."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे पोटभर प्यायला," त्या म्हणाल्या.

"हो."

"एका दमात?"

"एका दमात. बाटली तोंडाची काढलीच नाही."

"गार नसेल."

"नाही. गरम होतं."

"असू दे. पण पोटभर प्यायला." त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं काहीतरी पसरलं, ताप उतरल्यावर पसरतं तसं. "मी रोज पाण्याचा पेला तोंडाला लावते तो मला विषासारखा जातो. हा तहानलेला गेला म्हणून. तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं, त्याने आपलं पाणी देऊन टाकलं. केवढा चांगला. आणि मी रोज मरत होते, की कशाला दिलंस रे मूर्खा. कशाला दिलंस." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांत माया नव्हती आणि रागही नव्हता. त्या जणू मला पहिल्यांदाच पाहत होत्या. "तू ओरडला नसतास तर अजून दोन घोट गेले असते त्याला."

"हो, मावशी."

"आणि तू मेला असतास कदाचित."

"कदाचित."

"ऊठ. घरी जा," त्या म्हणाल्या. "महिनाभर मला तोंड दाखवू नकोस. मग ये. येशील ना?"

येईन, म्हटलं. दारातून बाहेर पडून चारपाच पायऱ्या उतरलो असेन, तेव्हा वरून आवाज आला. आधी मला वाटलं, त्या मला हाक मारताहेत. मग शब्द कळले. "चोरट्या! मेल्या! आईच्या उशीखालून नेलंस! माणसांच्या तोंडचं पळवलंस!" आणि एकाएकी तो आवाज मधोमध फाटला आणि त्यातून रडणं बाहेर आलं. थेटरातलं ते कोमट रडणं नव्हे. हे रडणं जनावरासारखं होतं, त्याला लाज नव्हती, ते भिंतींवर आपटत खाली येत होतं, आणि त्यात मधूनमधून एकच नाव. मी कठड्याला धरून उभा राहिलो. मला खाली जाता येईना आणि वरही.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. शेजारीण पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, काय झालं? काय झालं मन्नूबियाला?"

"हमदी गेला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. चार वर्षांपूर्वी तिनेच या जिन्यात शोकाला आलेल्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं, मग वरचा आवाज पुन्हा ऐकला आणि मिटलं. पिठाचे हात तिने झग्याला पुसले, दार तसंच उघडं टाकलं, आणि मयताच्या घरी जातात तसं खाली मान घालून, माझ्या अंगावरून, ती घाईघाईने पायऱ्या चढून गेली.